चेहऱ्यावरचा कोंडा : स्टेरॉइड नसलेल्या मलमांची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील कोणत्याही मेडिकलमध्ये थंडीच्या दिवसांत थोडा वेळ उभे राहिले, तर एक मागणी हमखास कानावर पडते : ‘अण्णा, मागल्या खेपेची तीच ट्यूब द्या, तोंडावर परत कोंडा आलाय.’ नाकाच्या दोन्ही कडांच्या घड्या, भुवया, दाढीखालची त्वचा आणि कानांमागची जागा येथे तेलकट, पिवळसर पापुद्रे धरतात, खाज येते आणि आपल्याकडच्या सावळ्या वर्णावर लालीपेक्षा फिकट चट्टेच अधिक ठळक दिसतात. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना पहिली शंका कोडाची येते. प्रत्यक्षात हा सेबोरिक डर्माटायटिस असतो. ‘तीच ट्यूब’ म्हणजे नेमके काय, हे मात्र बहुधा मागणाऱ्याला ठाऊक नसते, आणि स्टेरॉइड नसलेल्या मलमांची गरज का निर्माण झाली, याचे निम्मे उत्तर त्या ट्यूबमध्येच आहे.

या विकाराला वेगळा आजार म्हणून ओळख मिळवून दिली ती हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उना यांनी, 1887 साली. त्याआधीच, 1874 मध्ये, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी कोंड्याच्या पापुद्र्यांत यीस्टसारख्या पेशी पाहिल्या होत्या, आणि पुढे त्यांच्याच नावावरून या बुरशीच्या कुळाला मालासेझिया हे नाव पडले. ही बुरशी तेलावर जगते. प्रयोगशाळेत तिची वाढ करण्यासाठी माध्यमावर ऑलिव्ह तेल ओततात, आणि 2007 मध्ये तिच्या एका प्रजातीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा स्पष्ट झाले की स्वतःची मेदाम्ले तयार करण्याचे जनुकच तिच्याकडे नाही. ही मेदाम्ले ती आपल्या त्वचेच्या तेलातूनच घेते. (कोंडा दिसला की डोक्यावर आणि मग कपाळावरही खोबरेल तेल थापण्याची आपल्या घरांतली पद्धत या दृष्टीने पाहिली, तर रोगाला जेवण वाढण्याचाच तो प्रकार ठरतो.) पाठीवर आणि छातीवर येणारी शिबेही याच कुळाच्या बुरशीची, हे येथे सांगितले पाहिजे, कारण दोन्ही विकारांची औषधे बऱ्याच अंशी एकच आहेत.

तरीही बुरशीवरचा संशय दीर्घकाळ मागे पडला, कारण दुसरीकडे एक फार प्रभावी औषध हाती आले होते. 1952 साली मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, म्हणजे दाह झपाट्याने दाबणारे औषध, त्वचेवर लावून इसबात गुण येतो हे दाखविले, आणि पुढच्या दोन दशकांत त्याहून कितीतरी तीव्र स्टेरॉइडे बाजारात आली. लाली, खाज आणि पापुद्रे दोन-तीन दिवसांत ओसरतात, हे पाहिल्यावर मूळ कारणाची चौकशी करण्याची निकड कुणाला राहिली नाही. 1976 मध्येसुद्धा अमेरिकेतील लेडन, क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी असे मत मांडले की बुरशी वाढते ती कोंड्यामुळे. कोंडा बुरशीमुळे होत नाही.

गंमत अशी की स्टेरॉइडच्या दुसऱ्या बाजूची नोंदही याच मंडळींनी केली. 1974 साली त्यांनी चेहऱ्यावर दीर्घकाळ स्टेरॉइड लावल्याने उद्भवणाऱ्या लालसर पुरळाचे वर्णन केले, आणि 1979 मध्ये क्लिगमन व फ्रॉश यांनी ‘स्टेरॉइडचे व्यसन’ हा शब्दप्रयोग वापरला : मलम थांबवले की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा मलम, आणि दरम्यान त्वचा पातळ होऊन बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. चेहऱ्याची त्वचा मुळातच पातळ असल्याने औषध तिथे अधिक शोषले जाते, आणि हा विकार तर पुनःपुन्हा उलटणारा. म्हणून या चक्रात सापडण्याची शक्यता येथे विशेष असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सौम्य स्टेरॉइड चार दिवस वापरणे वेगळे, आणि वर्षानुवर्षे ट्यूबमागून ट्यूब वापरणे वेगळे.

वळण आले ते 1984 मध्ये. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे त्वचारोगतज्ज्ञ सॅम शुस्टर यांनी साधा मुद्दा मांडला : कोंड्यावर गुण देणाऱ्या, एरवी परस्परांशी संबंध नसलेल्या औषधांत समान काय आहे, तर ती सगळी या बुरशीला मारतात. त्याच सुमारास कीटोकोनाझोल या बुरशीनाशकाने सेबोरिक डर्माटायटिस ओसरतो हे प्रयोगातून दिसले. हे औषध सुरुवातीला पोटातून दिले जाई. यकृतावरील परिणामांमुळे 2013 साली अमेरिकेत त्याच्या गोळ्यांवर कडक निर्बंध आले आणि युरोपात त्यांची विक्री थांबवण्याची शिफारस झाली, पण रक्तात फारसे न उतरणारे 2 टक्क्यांचे मलम टिकून राहिले आणि आजही चेहऱ्यासाठी पहिली निवड म्हणून तेच दिले जाते. सायक्लोपिरॉक्स हे त्याच वाटेवरचे दुसरे नाव.

दुसरी वाट जपानमधून आली. त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून 1984 साली टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध वेगळे केले गेले. अवयव प्रत्यारोपणासाठी त्याचा उपयोग आधी झाला आणि डिसेंबर 2000 मध्ये इसबासाठी त्याच्या मलमाला अमेरिकेत मान्यता मिळाली. वर्षभराने त्याच जातीचे पिमेक्रोलिमस आले. दोन्ही दाह शमवतात, पण त्वचा पातळ करत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस चुरचुरतात, एवढेच. 2006 साली अमेरिकेने कर्करोगाच्या शक्यतेबद्दल वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला, म्हणून डॉक्टर ती जपून देतात. सेबोरिक डर्माटायटिससाठी त्यांचा वापर मूळ मान्यतेच्या बाहेरचा असतो, हेही रुग्णाला सांगितले गेले पाहिजे. अगदी अलीकडे, डिसेंबर 2023 मध्ये, रोफ्लुमिलास्ट या स्टेरॉइड नसलेल्या, दाह शमवणाऱ्या औषधाच्या 0.3 टक्के फेसाला अमेरिकेत 9 वर्षे व त्यापुढील वयासाठी नेमकी याच विकारावर मान्यता मिळाली.

आपल्याकडे ही कथा वेगळ्या मार्गाने गेली. बेळगावात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी खानापूरच्या आतल्या गावांतून किंवा सीमेपलीकडच्या चंदगडहून येणाऱ्याला एक दिवसाचा रोजगार बुडवून त्वचारोगतज्ज्ञ गाठण्यापेक्षा मेडिकलचा कट्टा जवळचा वाटतो. शिवाय 1945 च्या औषध नियमांतील अनुसूची एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, बाह्य उपयोगाच्या औषधांना सवलत असल्याने स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय सर्रास विकली गेली, बहुतेक वेळा बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये कालवून. भारतातील 12 केंद्रांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्वचातज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर मार्च 2018 मध्ये 14 स्टेरॉइडांची मलमे अनुसूची एचमध्ये आली. कागदावर तरी चिठ्ठी सक्तीची झाली.

सीमाभागात भाषेचा पेचही आहे : दुकानाची पाटी कन्नडमध्ये, ट्यूबवरचा मजकूर इंग्रजीत आणि खरेदी मराठीत. ट्यूबच्या पाठीवरील बारीक अक्षरांत मात्र एक खूण सापडते. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, तसेच क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे. कीटोकोनाझोल, क्लोट्रिमाझोल ही बुरशीनाशके. शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ आहे की ‘झोल’, एवढाच फरक, आणि मिश्र ट्यूबवर दोन्ही एकाखाली एक छापलेली असतात. सगळीच स्टेरॉइडे या खुणेत बसत नाहीत, डेसोनाइड किंवा फ्लुओसिनोलोन त्यातून निसटतात. पण मिश्र ट्यूबमधील नेहमीची नावे तेवढ्याने ओळखू येतात.