विंडोज सर्व्हर २०१९ टाकू की २०२२? चिपळूणच्या पुरानंतर पडलेला प्रश्न आणि त्याच्या मागचं सगळं

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या एका क्लायंट पतसंस्थेचा सर्व्हर तळमजल्यावर कॅश काउंटरच्या मागे होता. पाणी ओसरल्यावर आम्ही तो टॉवर बाहेर काढून आडवा केला तर पॉवर सप्लायच्या पंख्यातून गाळ आला, लाल, चिकट, आणि त्यात भिजून लगदा झालेली एक पावती. नशीब एवढंच की बॅकपची हार्डडिस्क मॅनेजर काका रोज संध्याकाळी पिशवीत घालून घरी न्यायचे आणि त्यांचं घर चढावर.

मशीन नवीन घ्यायचं हे ठरलेलंच होतं, प्रश्न होता त्यावर विंडोज सर्व्हर (सर्व्हरवर चालणारी मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टीम) कुठलं टाकायचं. २०१९ हातात होतं आणि २०२२ नेमकं ऑगस्टमध्ये आलं. काका म्हणाले, "अरे नवीनातलं नवीन टाक की, एवढं काय त्यात?" आता त्यात काय ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडच्या छोट्या ऑफिसात सर्व्हर म्हणजे आधी नॉव्हेल कंपनीचं नेटवेअर, मग मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी ४, मग २००० साली आलेलं विंडोज २००० ज्यात अॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातले सगळे युझर आणि पीसी एकाच ठिकाणाहून सांभाळायची सोय) पहिल्यांदा मिळाली. पण खरा मुक्काम ठोकला तो २००३ ने. एप्रिल २००३ ला आलं आणि सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, संपला १४ जुलै २०१५ ला, म्हणजे बारा वर्षं, आणि आमच्या भागात त्यानंतरही दोन-तीन वर्षं ते सुखात नांदत होतं. कारण एकच, पतसंस्थांचे हिशोबाचे प्रोग्रॅम विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातले, निळ्या स्क्रीनचे, आणि शाखा रिमोट डेस्कटॉपने हेड ऑफिसच्या सर्व्हरवर येऊन तिथेच तो प्रोग्रॅम चालवायच्या. ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि २००८ आर२ (२००८ ची पुढची आवृत्ती) पासून पुढचं प्रत्येक सर्व्हर व्हर्जन फक्त ६४ बिट. त्यामुळे ज्यांना पुढे सरकणं भागच होतं त्यांनी साधं २००८, ३२ बिटवालं, टाकलं आणि तिथेच बसले. नवीन म्हणून आर२ कुणीतरी टाकायचा, दुसऱ्या दिवशी शाखेतून फोन, "दादा, निळी स्क्रीन येतच नाय." मी स्वतः हे एकदा केलंय, रविवारी टाकलं आणि सोमवारी उतरवलं.

तेव्हाच कळलं की व्हर्जन आपण निवडत नाही, ऑफिसातली सगळ्यात म्हातारी वस्तू निवडते.

२०१२ बद्दल फार बोलायला नको. स्टार्ट बटण काढून टाकलं आणि कोपऱ्यात माऊस नेला की मेनू येणार, आता रिमोट डेस्कटॉपच्या छोट्या खिडकीत तो कोपरा पकडून दाखवा! ऑक्टोबर २०१३ ला २०१२ आर२ मध्ये बटण परत आणलं. बाकी आर२ दणकट होतं, १० ऑक्टोबर २०२३ पर्यंत त्याला सपोर्ट होता आणि अजून काही ठिकाणी ते धूळ खात चालू आहे.

मधे मे २०१७ आला, वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइली शेअर करायची विंडोजची भाषा, तिच्या पहिल्या व्हर्जनमधल्या भोकातून घुसलं ते. पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच आलेला होता पण टाकलेला कुणी, आणि २००३ ला तर सपोर्टच नव्हता, तरी प्रकरण एवढं पेटलं की मायक्रोसॉफ्टने मेलेल्या २००३ आणि एक्सपीसाठी पण पॅच काढला. त्यानंतर विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी १ येईनासं झालं, सर्व्हर २०१९ मध्ये पण ते आपोआप नसतं. ऐकायला बरं वाटतं, पण २००३ ला दुसरं काही बोलताच येत नाही, त्यामुळे ऑफिसात एक नवीन पीसी आला की त्याला जुना सर्व्हर दिसेना. आणि उलटं पण, नवीन सर्व्हर टाकला की कोपऱ्यातलं जुनं झेरॉक्स मशीन जे स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकायचं ते गप्प. क्लायंटच्या दृष्टीने सर्व्हर "बिघडला", कारण काल स्कॅन होत होतं आणि आज होत नाय. एसएमबी १ परत चालू करता येतं, पण ते करणं म्हणजे कुलूप नवीन लावून चावी पायपुसण्याखाली ठेवण्यातला प्रकार.

२०१६ पासून लायसनचं गणित बदललं, प्रोसेसरमधल्या कोअरच्या संख्येवर आलं. तुमच्या मशीनला चार कोअर असोत नाहीतर आठ, कमीत कमी सोळा कोअरचे पैसे भरायचे, वर माणसागणिक किंवा मशीनगणिक कॅल (सर्व्हर वापरायचा परवाना) वेगळे. पंचवीस माणसांपर्यंतच्या ऑफिसला इसेन्शियल्स नावाचं स्वस्त एडिशन होतं ज्याला कॅल लागत नाहीत, बारा जणांच्या पतसंस्थेला ते झक्कास. पण २०१६ चं मुख्य दुखणं म्हणजे अपडेट. एकेक अपडेट तासन् तास चालतं, रिस्टार्टला टक्केवारी एका आकड्यावर चिकटून बसते, आणि आपल्याकडे जून-जुलैत लाईट कधी जाईल सांगता येत नाही, यूपीएस अर्धा तास टिकतो फार तर. अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली की पुढचा दिवस तुमचा. म्हणून इथले अनेकजण २०१६ ला अपडेट करतच नाहीत, आणि मग नवीन व्हर्जन घेऊन उपयोग काय ते त्यांनाच ठाऊक.

२०१९ ची सुरुवातच अपशकुनी. ऑक्टोबर २०१८ ला काढलं, त्याच वेळच्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये काही लोकांच्या फाइली उडाल्या म्हणून दोन्ही मागे घेतलं आणि १३ नोव्हेंबरला परत दिलं. आमच्या धंद्यात जे म्हणतात की पहिलं वर्ष दुसऱ्याला वापरू दे, ते अशानेच.

मग कुणी म्हणेल की लिनक्स टाका ना, फुकट आहे, कटकट नाही. टाकलं की! मिरकरवाड्याजवळच्या एका मासळी एक्सपोर्टवाल्याकडे २०२० मध्ये फाइल सर्व्हरसाठी सेंटओएस ८ (लिनक्सचाच एक फुकट प्रकार) टाकलं, त्याला मे २०२९ पर्यंत सपोर्ट आहे असं छातीठोक सांगून. ८ डिसेंबर २०२० ला सेंटओएसमागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की ८ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. आठ वर्षांचं एकच राहिलं. आणि गंमत म्हणजे जुनं सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत जगलं, म्हणजे नवीन घेणारा फसला आणि जुन्यावर बसलेला तरला. पुढे त्याच्या जागी अल्मा आणि रॉकी हे लिनक्स आले २०२१ मध्ये, आम्ही अल्मावर गेलो, कन्व्हर्ट स्क्रिप्टने अर्ध्या दिवसात झालं. पण शेठला परत जाऊन तारीख बदलून सांगायची ती लाज वेगळीच.

तर चिपळूणला काय केलं. २०१९ चा सपोर्ट जानेवारी २०२९ पर्यंत, २०२२ चा ऑक्टोबर २०३१ पर्यंत, म्हणजे पावणेतीन वर्षांचा फरक, मशीनच्या आयुष्यात तो मोठा. पण पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने लेखी दिलं की आम्ही २०१९ पर्यंतच चेक केलंय. मग मधला रस्ता काढला, लायसन आणि कॅल २०२२ चे घेतले आणि डाउनग्रेडच्या, म्हणजे त्याच लायसनवर जुनं व्हर्जन टाकायच्या, हक्काने टाकलं २०१९. २०२२ चे कॅल २०१९ ला चालतात, उलटं चालत नाही, ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तर पुढे बरेच पैसे वाचतात. सर्व्हर या वेळी पहिल्या मजल्यावर गेला. पुढे २०२३ मध्ये सॉफ्टवेअरवाल्याने हिरवा झेंडा दाखवल्यावर २०२२ वर गेलो, लायसनला रुपया लागला नाही.

आता विंडोज सर्व्हर २०२५ पण आहे, नोव्हेंबर २०२४ पासून. आलं त्याच महिन्यात काही ठिकाणी बाहेरच्या कंपन्यांच्या पॅच टाकणाऱ्या सॉफ्टवेअरने सिक्युरिटी अपडेट समजून २०२२ चे सर्व्हर रातोरात २०२५ करून टाकल्याच्या बातम्या आल्या, लायसन नसताना. सपोर्ट २०३४ पर्यंत आहे, मोह होतो.

पण सध्या माझ्यासमोर आहे ती कुडाळकडची एक काजू फॅक्टरी, २०१६ वर, ज्याचा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. मालकांना सगळं समजावलं, कोअर, कॅल, तारखा. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "माका त्यातला काय कळना नाय, जां चालता तां घाल." २०२२ चं कोटेशन देऊन आलोय. त्यांचा निरोप आला, गणपती झाले की बघूया.