लक्ष होतं, पण मुंग्यांवर

माझा सात वर्षांचा भाचा उन्हाळी शिबिरात क्रिकेट शिकायला गेला. चौथ्या दिवशी चेंडू त्याच्या पायाजवळून सीमेपार गेला, तेव्हा साहेब फाइन लेगला उकिडवे बसून मुंग्यांची रांग बघत होते. "लक्ष कुठंय रे तुझं?" कोच ओरडले. लक्ष होतं की! अगदी पूर्ण होतं, फक्त मुंग्यांवर.

त्याला एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर) आहे. या नावात लक्षाची 'कमतरता' आहे, पण खरी अडचण वेगळीच. लक्ष हवं तिकडे वळवणं, कंटाळवाण्या गोष्टीवर टिकवणं आणि मनात आलं की उठायचं नाही, एवढं थांबणं या मुलांना जड जातं. 2007 साली अमेरिकेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी शेकडो मुलांच्या मेंदूचे एमआरआय तपासले. मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचा निम्मा भाग पूर्ण जाडीला पोचण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षं निघालं, एडीएचडी असलेल्यांत साडेदहा. सर्वांत जास्त उशीर दिसला तो कपाळामागच्या, म्हणजे आवर घालणाऱ्या भागात. हालचाल घडवणारा भाग मात्र किंचित आधीच तयार! गाडी जोरात, ब्रेक अजून बसायचे आहेत. (हे सरासरीचे आकडे, एका मुलाचा एमआरआय काढून निदान होत नाही.)

आता फाइन लेगचा विचार करा. दहा मिनिटं काही घडत नाही आणि मग एका सेकंदात सगळं घडतं. या मेंदूसाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. आम्ही त्याला खो-खोला घातलं. तिथेही पाटीत बसावं लागतं, पण थोडाच वेळ, आणि पळणारा समोरूनच वळसे घेत असतो. शिवाय खो देताना पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' म्हणायचं असतं. स्पर्श, आवाज आणि कृती, तिन्ही एकाच क्षणी. सूचना कशी द्यावी याचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

बहिणीने तोच घरी उचलला. पूर्वी ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "दप्तर भर, मोजे घाल, डबा घे!" कार्यरत स्मृती, म्हणजे ऐकलेलं काम होईपर्यंत मनात धरून ठेवणारी स्मृती, तोकडी असली की तिसरी गोष्ट ऐकेपर्यंत पहिली पुसली जाते. आता ती जवळ जाते, खांद्यावर हात ठेवते, एकच काम सांगते. ते झालं की लगेच शाबासकी. येत्या रविवारी मिळणाऱ्या बक्षिसाचा सोमवारी काही उपयोग नसतो. दाराला मोजे, डबा, बाटली यांची चित्रं चिकटवली आहेत.

अर्थात प्रत्येक चुळबुळ्या मुलाला हे लेबल लावू नये. लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन्हीकडे, वयाच्या मानाने जास्त दिसावी लागतात. आधी कान, डोळे आणि झोप तपासून घ्यावी. सहा वर्षांखालच्या मुलांत सुरुवात औषधाने नाही, आईवडिलांच्या प्रशिक्षणाने करतात. पुढे औषध लागलं तर तो पराभव नव्हे. एडीएचडीसाठी आपण औषध घेतो, हे जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने 2016 साली उघडपणे सांगितलं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असंही.

भाचा आता खो मिळाला की बाणासारखा सुटतो. पाण्याची बाटली मात्र मैदानावरच राहते. या महिन्यातली तिसरी.