पडदा वाचायचा की मजकूर सांगायचा? स्क्रीन रीडरची पार्श्वभूमी

ऐकायला उलटं वाटेल, पण अंध माणसाला कॉम्प्युटर वापरणं त्यातल्या त्यात सोपं होतं ते डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळात. काळा पडदा, २५ ओळी, एका ओळीत ८० अक्षरं, विषय संपला. माउस नाही, आयकॉन नाहीत, खिडक्या नाहीत. पडद्यावर जे दिसतंय ते मेमरीच्या एका ठराविक भागात अक्षर म्हणूनच पडलेलं असायचं, म्हणजे जिथे 'ए' दिसतोय तिथे मेमरीतही 'ए'चाच कोड, त्यामुळे एखाद्या छोट्या प्रोग्रामने (यालाच पुढे स्क्रीन रीडर म्हणायला लागले) तिथून अक्षरं उचलायची आणि शेजारी ठेवलेल्या स्पीच सिंथेसायझरच्या डब्याकडे पाठवायची की डबा बोलायला लागायचा. आणि कमांड काय, त्या डोळसांनाही पाठच करून टाइप कराव्या लागायच्या.

आयबीएममध्ये जिम थॅचर नावाचे गणिती होते आणि त्यांचे पीएचडीचे गाइड जेसी राइट हेही तिथेच कामाला. राइट अंध होते. त्यांना पीसी वापरता यावा म्हणून थॅचरनी जे बोलणारं सॉफ्टवेअर करायला घेतलं ते १९८६ मध्ये आयबीएमने 'स्क्रीन रीडर' या नावाने बाजारात आणलं, आणि मग हेच नाव त्या जातीच्या सगळ्या सॉफ्टवेअरना चिकटलं. त्याच सुमारास अमेरिकेत टेड हेंटर हा दुसरा माणूस. हा आधी मोटरसायकल रेसर, १९७८ मध्ये कारच्या अपघातात दृष्टी गेली, मग कॉम्प्युटर शिकला, १९८७ मध्ये पार्टनरबरोबर कंपनी काढली आणि १९८९ मध्ये डॉससाठी 'जॉज' आणलं. जॉज म्हणजे 'जॉब ॲक्सेस विथ स्पीच'. खरी गंमत अशी की तेव्हा बाजारात 'फ्लिपर' नावाचा एक स्क्रीन रीडर होता, फ्लिपर म्हणजे टीव्हीवरचा डॉल्फिन, म्हणून यांनी 'जॉज' सिनेमातला शार्क आणला.

नावात 'जॉब' आहे ते उगाच नाही. या सॉफ्टवेअरच्या जोरावर अंध लोक ऑफिसात नोकऱ्या करायला लागले होते.

आणि मग विंडोज आलं. तसं ॲपलचं मॅकिंटॉश १९८४ पासूनच होतं, पण ऑफिसं डॉसवर होती तोवर फार कोणाला झळ लागली नाही, १९९० मध्ये विंडोज ३.० आलं आणि ऑफिसं भराभर तिकडे वळायला लागली तेव्हा खरी पंचाईत झाली. कारण आता पडद्यावर अक्षर नव्हतंच, ठिपके होते. 'ए' म्हणजे काही काळे आणि काही पांढरे ठिपके, 'सेव्ह'चं बटण म्हणजे अजून थोडे ठिपके, आणि मेमरीत बघायला गेलं तर तिथेही ठिपकेच. उचलायचं काय? दहा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला नवीन सॉफ्टवेअर आलं म्हणून काम करता येईना, ही भीती तेव्हा अमेरिकेतल्या अंधांच्या संघटनांमध्ये खरोखर पसरली होती.

तोडगा निघाला तो तसा भन्नाट होता पण ठिगळच. प्रोग्राम जेव्हा सिस्टिमला सांगतो की 'इथे अमुक अक्षरं काढ, इथे चौकोन काढ' तेव्हा ती आज्ञा मधल्या मधे पकडायची आणि पडद्याची एक अदृश्य नक्कल स्वतःजवळ बनवत राहायचं, कुठल्या जागी कुठलं अक्षर काढलं गेलं त्याची वहीच म्हणा ना. याला ऑफ-स्क्रीन मॉडेल म्हणायचे. मॅकसाठी असा पहिला स्क्रीन रीडर 'आउटस्पोकन' १९८९ मध्ये आला, तो काढला बर्कली सिस्टिम्सने, ज्या कंपनीला बाकी जग उडत्या टोस्टरच्या स्क्रीनसेव्हरमुळे ओळखतं. जॉजची विंडोजवरची आवृत्ती यायला १९९५ उजाडलं. म्हणजे विंडोज ३.० नंतर पाच वर्षं. तोवर विंडोज ९५ दारात येऊन उभं होतं आणि त्यात परत सगळं बदललेलं. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने 'हे अंधांना वापरता येत नसेल तर आम्ही घेणार नाही' असा पवित्रा घेतला, आणि मोठं गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर मायक्रोसॉफ्ट हललं. १९९७ मध्ये त्यांनी ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी आणलं, म्हणजे आता बटणाने स्वतःच सांगायचं की मी बटण आहे, माझं नाव 'सेव्ह', मी सध्या बंद आहे. चोरून ऐकण्यापेक्षा हे कितीतरी बरं, फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती माहिती भरायला हवी, आणि तो भरत नाही, ही रड तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

विंडोज ९५ मध्ये अजून एक गोष्ट होती जी आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांनी बघितलीय. सायबर कॅफेत गेम खेळताना शिफ्ट पाच वेळा दाबली गेली की टुंग करून 'स्टिकी कीज' चालू करायचं का असं विचारणारी खिडकी यायची आणि आपण शिव्या घालून ती बंद करायचो. ती होती एकाच बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टाइप करणाऱ्यांसाठी, ज्यांना कंट्रोल-आल्ट-डिलीट एकदम दाबता येत नाही त्यांना एकेक करून दाबता यावं म्हणून. यामागे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ग्रेग व्हँडरहायडन यांच्या ट्रेस सेंटरचं काम होतं, आणि ते सेंटर १९७१ पासूनचं आहे.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा माणूस, आणि तो निघाला पुण्याचा. टी. व्ही. रामन. लहानपणी थोडं दिसायचं, काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. वाडिया कॉलेजातून गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल. गणिताचं पुस्तक अंध विद्यार्थ्याला कोणीतरी वाचून दाखवावं लागतं आणि वाचणारा जर नुसता 'एक्स वर दोन अधिक वाय भागिले झेड' असं म्हणत गेला तर नक्की कशाला भागिलंय हे कळत नाही, ज्याने कोणी असं ऐकून गणित केलंय त्याला हे माहीत असतं. रामननी पीएचडीत जो प्रोग्राम केला, ॲस्टर नावाचा, तो घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत न्यायचा, पायथ्याशी लिहिलेला अंक आला की खाली उतरायचा. कागदावर वर-खाली दिसतं ते कानाला वर-खाली ऐकू येणार. त्यांच्या गाइड डॉगचं नावही ॲस्टरच होतं. त्या प्रबंधाला एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेचा १९९४ चा डॉक्टरल डिझर्टेशन अवॉर्ड मिळाला, आणि तो अपंगांसाठी काम केलं म्हणून पाठ थोपटणारा नव्हे, कॉम्प्युटर सायन्समधल्या सगळ्या प्रबंधांतून निवडून दिला जाणारा.

पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये, त्यांनी ईमॅकस्पीक हे बोलणारं सॉफ्टवेअर काढलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला मुद्दा तिथे आहे. रामनचं म्हणणं असं की पडदा वाचणं ही कल्पनाच मुळात चुकीची, पडदा ही डोळ्यासाठी केलेली मांडणी आहे, ती कानाला ऐकवून काय उपयोग. त्यांचं नेहमीचं उदाहरण कॅलेंडरचं. पडद्यावर महिना चौकटीत मांडलेला असतो, डोळस माणूस आकड्यावरून वर नजर नेतो आणि वार बघतो, स्क्रीन रीडर मात्र ओळच्या ओळ वाचत सुटतो, 'चार पाच सहा सात आठ नऊ दहा', आणि ऐकणाऱ्याने रकाना मोजत वार काढायचा. ईमॅकस्पीक पडद्याकडे बघतच नाही, ते कॅलेंडरच्या प्रोग्रामलाच विचारतं की कर्सर कुठल्या तारखेवर आहे आणि सरळ वार, महिना, तारीख, वर्ष बोलून मोकळं होतं. चौकट कशी दिसते याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. अडचण एवढीच की हे चालायचं ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये, आणि ईमॅक्स म्हणजे प्रोग्रामर मंडळींचं दैवत, बँकेतल्या क्लार्कला किंवा शाळेतल्या शिक्षिकेला त्याचा काही उपयोग नव्हता. त्यामुळे बाजारात जॉजचीच पद्धत जिंकली, पण नंतर वेबने जी दिशा पकडली ती बरीचशी रामनच्या अंगाने जाते, मजकुराचा अर्थ आधी सांगा, तो दिसतो कसा ते नंतर.

वेबचं थोडक्यात सांगतो. १९९९ च्या मे महिन्यात वेब कसं सुगम करायचं याचे नियम, डब्ल्यूसीएजी, पहिल्यांदा आले, चित्राला पर्यायी मजकूर द्या, फॉर्मच्या रकान्याला नाव द्या वगैरे, त्यांची २.० आवृत्ती २००८ ला आणि सध्याची २.२ ऑक्टोबर २०२३ ला. पण नियम कोणी वाचून पाळत नाही, कोर्टात गेल्यावर पाळतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकची वेबसाइट ब्रूस मॅग्वायर या अंध माणसाला वापरता येईना, त्याने तक्रार केली, आयोजक म्हणाले फार खर्च येईल आणि फार वेळ लागेल, ऑस्ट्रेलियाच्या मानवाधिकार आयोगाने ते ऐकलं नाही आणि शेवटी आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. अमेरिकेत टार्गेट या दुकानांच्या साखळीवर २००६ मध्ये अंधांच्या संघटनेने केस केली, ती २००८ मध्ये ६० लाख डॉलरवर मिटली. एवढं होऊनही २०२४ मध्ये वेबएम या संस्थेने १० लाख वेबसाइटची होमपेजं तपासली तर ९५.९ टक्के पानांवर आपोआप सापडणाऱ्या चुका निघाल्या. आपोआप सापडणाऱ्या, म्हणजे मशीनलाही दिसणाऱ्या.

आपल्याकडे वेगळीच अडचण होती, पैसा. जॉजची किंमत हजार डॉलरच्या आसपास, ती इथे कोण भरणार? लायसन्स नसेल तर जॉज ४० मिनिटं चालतं आणि मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागतो, त्यामुळे कित्येक जण ४०-४० मिनिटांच्या तुकड्यात अभ्यास करत आणि मध्येच सेव्ह करत बसायचे, नाहीतर क्रॅक केलेली कॉपी होतीच. हे बदललं ते ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मुलांमुळे, मायकल करन आणि जेम्स टेह, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात दोस्ती झालेली. करनने २००६ मध्ये एनव्हीडीए हे जॉजसारखंच सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, टेह नंतर सामील झाला. २०१९ च्या वेबएमच्या सर्व्हेत वापरणाऱ्यांच्या संख्येत ते जॉजच्या अगदी जरासं पुढे गेलं, पहिल्यांदाच. त्याच्याबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज ओपन सोर्स असल्यामुळे त्यात मराठीही आली. रोबोटसारखी बोलते, मान्य, पण बोलते. 'चिंच' मधले दोन च वेगळे उच्चारायचे असतात हे असल्या आवाजांना कळेलच याची खात्री नसते, पण सवयीच्या कानाला तेवढं चालतं, आणि ही मंडळी ज्या स्पीडला ऐकतात तो आपण ऐकला तर एक शब्द कळायचा नाही.

पण मराठी बोलणारा आवाज असून भागत नाही, वाचायला मराठी लागते ना. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कोड, रुळायच्या आधी आपली सगळी मराठी फॉन्टच्या जादूवर चालायची, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी. दिसायचं मराठी, आत इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच असा साठवलेला असतो, तर स्क्रीन रीडर बिचारा 'एज्कभ' का काहीतरी म्हणतो आणि त्याचं चुकत नसतं, फाइलमध्ये खरंच तेच लिहिलंय. विंडोज एक्सपीच्या काळापासून युनिकोड मराठी घरोघरी उपलब्ध आहे, तरी डीटीपीवाल्यांनी जुने फॉन्ट सोडले नाहीत आणि त्या फाइलींच्या पीडीएफ अजून फिरतायत. त्याहून वाईट म्हणजे छापून, सही-शिक्का मारून, परत स्कॅन करून टाकलेलं परिपत्रक. तिथे तर इंग्रजीही नाही, नुसतं चित्र. विंडोज ३.० च्या वेळी जे झालं तेच, आपण ते रोज हाताने करतो.

मोबाइलच्या वेळी मात्र गाडी जरा लवकर सुटली. टचस्क्रीन आला तेव्हा वाटलं की आता संपलं सगळं, गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागतच नाही, पण २००९ च्या जूनमध्ये आयफोन ३जीएसमध्ये ॲपलने व्हॉइसओव्हर हा स्वतःचा स्क्रीन रीडर आतच घालून दिला, वेगळं विकत घ्यायची भानगड नाही. बोट फिरवा, खाली जे असेल ते ऐका, हवं ते सापडलं की दोनदा टॅप करा. अँड्रॉइडवर त्याच वर्षी टॉकबॅक आलं आणि तिथे परत आपले रामन, आता गूगलमध्ये, सहकारी चार्ल्स चेनबरोबर. त्यांनी नंबर डायल करायची एक युक्ती काढली होती, काचेवर बोट पहिल्यांदा जिथे टेकेल तिथे ५, मग तिथून वर सरकवलं की २, डावीकडे ४, तिरकं वर डावीकडे १. बटणं शोधायलाच नकोत, बटणं बोटाखाली येतात. आज भारतात अंध लोक मुख्यतः फोनच वापरतात, तोही बहुतेक अँड्रॉइड, आणि यूपीआयपासून रिक्षा बोलावण्यापर्यंत सगळं त्यावर.

म्हणूनच भांडण आता ॲपवर आलंय. आपल्याकडे १९९५ चा कायदा होता, त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले आणि माहिती-तंत्रज्ञान सुगम असलं पाहिजे हे त्यात स्पष्ट आलं. पण नियम केले ते 'करावं' थाटाचे, 'केलंच पाहिजे' थाटाचे नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने यातला १५ नंबरचा नियम कायद्याशीच विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष करायला केंद्राला तीन महिने दिले. मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल, डिजिटल केवायसीबद्दलचा. खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा असं ॲप सांगतं, ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बाईने ते कसं करायचं, आणि अंध माणसाने त्या गोल चौकटीत चेहरा कसा आणायचा? कोर्टाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग म्हटला आणि २० निर्देश दिले, डोळे मिचकवण्याला पर्याय द्या हाही त्यातलाच. यात तंत्राची अडचण काही नव्हती. आयफोनवर व्हॉइसओव्हर चालू करून नेहमीचा कॅमेरा उघडला तर तो किती चेहरे आहेत आणि चेहरा मधोमध आहे का कडेला हे बोलून सांगतो, कित्येक वर्षं सांगतोय.