मोड होण्यापासून वाचलेलं ताट

सोलापुरात 1860 साली रेल्वे आली, 1877 मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली आणि कापूस-सुताच्या पेढ्यांवर पैसा खेळू लागला. तो पंगतीतही दिसे. जावई, व्याही, गुरू यांच्यापुढे चांदीचं ताट, वाट्या, तांब्या-फुलपात्र. बाकीच्यांना पितळी ताट नाहीतर पत्रावळ. मानाचं ताट अडणीवर, म्हणजे बुटक्या तिवईवर चढे. पितळेत आंबट आमटी कळकते, म्हणून कल्हई लागते. चांदीला ती कटकट नाही.

पण चांदी हीच घरची बँक. 1876-78 च्या दुष्काळात या भागाची दैना झाली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या गोरगरिबांचे चांदीचे दागिने ढिगाने मुंबईच्या टांकसाळीत आटले. भांड्यांचंही तेच: अडचण आली की मोड, म्हणजे वजनावर विकून आटवणं. त्यामुळे जुनं ताट शाबूत असणं म्हणजे त्या घरावर मोडायची वेळ आली नाही. खरा मान तिथे आहे, नक्षीत नाही.

तेव्हाचा रुपया एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. रुपये आटवून भांडं घडवलं की वजन आणि टंच (चांदीची शुद्धता) दोन्ही आपोआप ठरत. 1893 मध्ये टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं सरकारने थांबवलं. रुपयाची किंमत त्यातल्या चांदीहून जास्त झाली, आटवणं तोट्याचं ठरलं आणि पाटाची चांदी, म्हणजे विटांच्या रूपातली चांदी वापरणं परवडू लागलं.

बारा इंची, अर्धा मिलिमीटर जाडीचं ताट काठासकट साधारण 400 ग्रॅम, म्हणजे 34-35 तोळे भरतं. त्याहून फार हलकं असेल तर पत्रा पातळ. ते मधोमध दबतं. शुद्ध चांदी मऊ असल्याने तांबं मिसळतात आणि काठ वळवून जाड करतात. तांब्या गळतो तो बहुधा गळ्याच्या डाकावर, म्हणजे धातू वितळवून जोडलेल्या सांध्यावर. डाकाचा टंच कमी, म्हणून सांधेवाली भांडी आटवली की घट जास्त येते.

मुलाम्यापासून, म्हणजे दुसऱ्या धातूवर चढवलेल्या चांदीच्या पातळ थरापासून सावध राहावं. 1840 नंतर इंग्लंडात विजेच्या मुलाम्याची भांडी निघाली. आत जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, ज्यात चांदी नसतेच. काठ नि बूड झिजलं की आतली पिवळसर धातू डोकावते.

शेंगाचटणी वाटीत रात्रभर ठेवू नये. लसणातल्या गंधकाने चांदी काळवंडते, मिठाने बारीक खड्डे पडतात. कढत पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याने काळेपणा निघतो, पण नक्षीच्या खोबणीतलाही जातो आणि काम सपाट दिसू लागतं. नक्षीच्या भांड्याला ओल्या खडूच्या भुकटीचा हलका हात पुरे. रांगोळीने चरे पडतात.