रिमोट किल्ली: बिघाड बटणाचा, अडवणूक कोडची

‘गाडीचा रिमोट बंद पडला’ ही तक्रार ऐकायला एकच वाटते. पण त्या प्लास्टिकच्या कवचात दोन वेगळी यंत्रं बसलेली असतात, आणि ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी तिथे आली. दारं उघडणारा रेडिओ ट्रान्समीटर आला तो सोयीसाठी. इंजिन चालू होऊ देणारी चिप आली ती चोरांमुळे. पहिल्याला सेल लागतो, दुसरीला लागत नाही. त्यामुळे सेल पूर्ण उतरलेल्या साध्या रिमोट किल्लीने दार हाताने उघडता येतं आणि गाडी सुरूही होते. उलट, रिमोटने दारं खटाखट उघडतात पण इंजिन काही केल्या पकडत नाही, असंही होतं. पन्नास रुपयांचा सेल बदलायचा की आठ-दहा हजारांचं बिल भरायचं, हे या दोन यंत्रांपैकी कोणतं रुसलं आहे त्यावर ठरतं. पण बिल एवढं मोठं का, याचं कारण यंत्रात सापडत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं.

फार मागे जाण्याची गरज नाही. रिमोटने उघडणारी दारं मोटारीत कारखान्यातूनच आली ती १९८२ च्या सुमारास, फ्रान्समधल्या रेनॉ फुएगो या गाडीबरोबर. तो रिमोट इन्फ्रारेड होता. टीव्हीच्या रिमोटसारखा नेम धरून दाबावा लागायचा. मग रेडिओ लहरी आल्या आणि नेम धरण्याची कटकट संपली. अमेरिका आणि जपानने त्यासाठी मुख्यतः ३१५ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला, युरोपने ४३३.९२ चा. आपल्याकडच्या गाड्याही बहुतेक ४३३ वरच चालतात. या जुन्या फाटाफुटीचा त्रास आजही होतो. ऑनलाइन स्वस्तात मागवलेला रिमोट दिसायला हुबेहूब असतो, बटणं तीच, बोर्डही तसाच. पण तो ३१५ चा निघाला तर कोणीही, कितीही वेळा कोडिंग केलं, म्हणजे गाडीला त्याची ओळख करून दिली, तरी गाडीला तो ऐकूच येणार नाही.

महाराष्ट्रात रिमोटचा खरा प्रवेश झाला तो कंपनीच्या गाडीतून नव्हे, ॲक्सेसरीजच्या दुकानातून. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं मारुती ८००, झेन, इंडिका घेणारा माणूस शोरूममधून निघून थेट दुकानात जायचा: सीट कव्हर, डेक आणि सेंट्रल लॉकिंग. चारही दारांत छोट्या मोटरी, डॅशबोर्डखाली एक काळा डबा, बॉनेटखाली सायरन आणि हातात दोन रिमोट. नाशिकमधल्या एका कंपनीच्या सिस्टिम तेव्हा आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत दिसायच्या. बाकी माल दिल्लीहून किंवा तैवान-चीनमधून यायचा. आजचे अनेक रिमोट दुरुस्त करणारे त्या काळातले डेकवाले नाहीतर किल्लीवाले आहेत. वायरी जोडता जोडता ते शिकले. गाडीच्या सर्किटचा नकाशा त्यांना कोणी दिला नाही आणि त्यांनीही तो मागितला नाही.

त्यातल्या स्वस्त रिमोटांचा कोड कायमचा एकच असे. आतल्या आयसीला, म्हणजे चिपला, दुकानदार नुसतं ‘बावीस बासष्ट’ किंवा ‘पंधरा सत्तावीस’ म्हणायचे. दर वेळी बटण दाबलं की तोच आकडा हवेत जायचा. कोणी तो पकडून साठवला की दुसरी किल्ली तयार. चोराला हे सोयीचं होतं, तसं मालकालाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘कॉपी रिमोट’ घ्यायचा, जुना त्याच्यासमोर धरायचा, दोन बटणं दाबायची, झालं. सोसायटीच्या गेटचे रिमोट आजही असेच कॉपी होतात. त्यामुळे ‘गेटचा होतो, मग गाडीचा का नाही?’ हा प्रश्न दुकानात नेहमीचा आहे.

गाडीचा होत नाही याचं कारण दर वेळी बदलणारा कोड, म्हणजे रोलिंग कोड. त्याची सर्वात जास्त पसरलेली पद्धत ऐंशीच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये एका अमेरिकन चिप कंपनीने ती विकत घेतली. रिमोटमध्ये एक मोजणी चालू असते. प्रत्येक दाबाला ती एकने पुढे जाते आणि एका गुप्त आकड्याने (त्यालाही ‘किल्ली’च म्हणतात) गुंडाळून पाठवली जाते. गाडी शेवटचा आकडा लक्षात ठेवते आणि फक्त त्याच्या पुढचेच स्वीकारते. या कुटुंबातल्या नेहमीच्या चिपमध्ये मोजणी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांची. पुढच्या १६ पायऱ्यांच्या आतला कोड आला तर दार लगेच उघडतं. त्यापलीकडे, पण ३२ हजारांच्या आत असला, तर गाडी पहिल्या दाबाला गप्प बसते आणि लागोपाठचा दुसरा कोड जुळला तरच मानते. मागचे आकडे कायमचे बाद.

नातवाने दुपारभर रिमोट खेळायला घेतला आणि संध्याकाळी दार ‘दोनदा दाबल्यावर’ उघडलं, तर बिघाड काहीच नाही. यंत्रणा ठरल्याप्रमाणे वागली. ‘सेल काढला की कोडिंग उडतं’ ही भीतीसुद्धा बहुतेक रिमोटांच्या बाबतीत खोटी आहे, कारण मोजणी सेल नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत लिहिलेली असते. काही जुन्या युरोपीय गाड्यांत मात्र सेल बदलल्यावर किल्ली इग्निशनमध्ये फिरवून बटण धरून ठेवावं लागतं. तो अपवाद नियम म्हणून पसरला, आणि सेल बदलायला म्हणून गेलेल्या लोकांकडून ‘कोडिंग’चे पैसे घेण्याची सोय झाली.

इमोबिलायझरची, म्हणजे इंजिन चालू होऊ देणाऱ्या त्या चिपच्या यंत्रणेची, गोष्ट वेगळी. जर्मनी एक झाल्यानंतरच्या वर्षांत युरोपात गाड्यांच्या चोऱ्या बेसुमार वाढल्या, विमा कंपन्या टेकीला आल्या, आणि ऑक्टोबर १९९८ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीच्या मुठीत तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची नळी, किंवा काळा चौकोनी तुकडा. इग्निशनभोवतीचं वेटोळं १२५ किलोहर्ट्झच्या आसपास ऊर्जा सोडतं, त्यावरच ती चिप जागी होते आणि उत्तर देते. उत्तर पटलं नाही तर इंजिनचा कॉम्प्युटर इंधन नाहीतर ठिणगी रोखतो. २००० नंतर हे आपल्या छोट्या गाड्यांतही आलं आणि ‘छेचाळीसची चिप’ (४६ या क्रमांकाची) किल्लीवाल्यांच्या तोंडी बसली.

इथे एक नेहमीचा घोळ सांगायलाच हवा. किल्लीचं कव्हर तुटतं, रबराची बटणं फाटतात. माणूस दोन-तीनशे रुपयांचं नवं कव्हर आणतो, बोर्ड उचलून त्यात बसवतो, पातं बदलून घेतो आणि जुनं कव्हर कचऱ्यात टाकतो. रिमोट चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही, डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत राहतं. चिप जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात चिकटवलेली होती आणि ती घंटागाडीबरोबर गेली. जाणकार माणूस कव्हर उघडल्यावर आधी ती चिप शोधतो, बोर्डाकडे नंतर बघतो.

बाकी दुरुस्ती साधीच. सेलवरचा आकडा म्हणजे त्याचं माप: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड. २०२५ तिथे बसतो, पण कधी सैल राहतो आणि रिमोट आपटला की संपर्क सुटतो. मल्टीमीटरवर तीन व्होल्ट दिसले म्हणून सेल चांगला असं नाही. बटण दाबल्यावर, म्हणजे भार पडल्यावर, तो किती खाली जातो ते पाहायचं. खालोखाल गुन्हेगार म्हणजे बटणाखालचा मायक्रोस्विच. अनलॉकचं बटण सर्वात जास्त दाबलं जातं, त्यामुळे त्याच्याच पायांशी ड्राय सोल्डर होतं. भिंगाखाली पायाभोवती बारीक गोल चीर दिसते. दोन सेकंद सोल्डरिंगची इस्त्री टेकवली की काम होतं. कोकणात पावसाळ्यात सेलच्या पट्टीवर हिरवा गंज चढतो, तो अल्कोहोलने घासून साफ करायचा. दोन्ही रिमोट एकाच दिवशी बंद पडले तर रिमोट उघडूच नये. दोष गाडीतल्या रिसीव्हरमध्ये, फ्यूजमध्ये किंवा बॅटरीत असतो. हे सगळं करायला कोणाची परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती किल्ली हरवल्यावर, किंवा बोर्डच मेल्यावर.

त्या परवानगीचा इतिहास मात्र गुंतागुंतीचा आहे. गाडीला नवी किल्ली ‘शिकवायची’ तर गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं निदानाचं उपकरण लागतं आणि बहुतेक गाड्यांत एक गुप्त पिनही. हे दोन्ही कंपनीच्या आणि अधिकृत वर्कशॉपच्या ताब्यात. २०११ च्या जानेवारीत एका ग्राहकाने केंद्राच्या स्पर्धाविषयक आयोगाकडे तीन कंपन्यांविरुद्ध तक्रार केली: मूळ सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून मालकाला अधिकृत वर्कशॉपशिवाय गत्यंतर नाही. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला. निकाल फक्त किल्लीपुरता नव्हता. पण निदानाची साधनं म्हटली की किल्लीही त्यात आलीच. भाग आणि साधनं बाहेर उपलब्ध करा, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेशही होते.

कंपन्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर उभं होतं: डिझाइनवरचा बौद्धिक संपदेचा हक्क, आणि अप्रशिक्षित हातांमुळे सुरक्षिततेला धोका. यातला दुसरा मुद्दा ब्रेकच्या बाबतीत समजण्यासारखा आहे. किल्लीच्या बाबतीत त्याला वेगळी धार आहे, कारण जे यंत्र हरवलेली किल्ली बनवतं तेच चोरासाठीही किल्ली बनवतं. पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे की-प्रोग्रामर, म्हणजे हीच यंत्रं, सापडल्याच्या बातम्या येतात, त्या खोट्या नाहीत. पण ते प्रोग्रामर टोळ्यांना मिळालेच, दरवाजे बंद असतानाही. अडला तो पावतीपुस्तक ठेवणारा, मालकाचं आधार आणि आरसी पाहून काम करणारा दुकानदार. मधला मार्ग नव्हता असंही नाही. अमेरिकेत नोंदणी झालेल्या, पार्श्वभूमी तपासलेल्या किल्लीवाल्यांना कोड मिळवण्याची व्यवस्था आहे आणि कोणी, कोणत्या गाडीसाठी कोड घेतला याची नोंद राहते. आपल्याकडे चर्चा दंडाच्या आकड्यातच अडकली.

तो आकडाही टिकला नाही. दंड कंपनीच्या एकूण उलाढालीवर मोजायचा की फक्त सुट्या भागांच्या, यावर वाद गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये अपिलात तीन कंपन्यांपुरता तो कमी झाला. दोष मात्र कायम राहिला. इतर काही कंपन्या उच्च न्यायालयांत गेल्या. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं आहेत. तिथे वॉरंटी, सर्व्हिस सेंटर, सुटे भाग यांची माहिती मिळते. हरवलेल्या किल्लीच्या पिनसाठी मात्र पाय अजून अधिकृत वर्कशॉपकडेच वळतात.

गुप्तता राखली की चोरी थांबते, या समजुतीला प्रयोगशाळांतून आधीच तडे गेले होते. २००५ मध्ये अमेरिकेत ४० बिटांच्या चिपचा कोड फुटला, २०१२ मध्ये छेचाळीसच्या घराण्यातल्या चिपचा. दक्षिण आफ्रिकी रोलिंग कोडची मुख्य किल्ली २००८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी रिसीव्हरच्या वीजवापरावरून बाहेर काढली. २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने आणखी एका चिपवरचा शोधनिबंध छापायला बंदी घातली. दोन वर्षांनी तो एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला. त्या दोन वर्षांत रस्त्यावरच्या गाड्यांची चिप होती तीच होती.

मग आली खिशातून न काढायची स्मार्ट की. १९९८-९९ च्या सुमारास महागड्या जर्मन गाडीतून सुरू होऊन ती आता आपल्या हॅचबॅकच्या वरच्या मॉडेलपर्यंत पोहोचली आहे. गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर हाक मारते, किल्ली ४३३ वर उत्तर देते. सतत कान टवकारून बसावं लागत असल्याने सेल लवकर संपतो. संपलाच तर पातं बाहेर काढून दार उघडायचं आणि किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून इंजिन सुरू करायचं, कारण आत ती जुनी, सेल न लागणारी चिप अजून आहे. चोरांनी इथे कोड फोडण्याच्या भानगडीत न पडता दोन यंत्रांच्या साखळीने हाक लांबवली: एक घराच्या दाराशी, एक गाडीपाशी.

त्यावर तोड म्हणून काही कंपन्यांनी किल्लीत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला. किल्ली थोडा वेळ हलली नाही की झोपी जाते. आता दुकानात नवी तक्रार येते: टेबलावर ठेवलेली किल्ली बटण दाबूनही गाडी सुरू होऊ देत नाही. उचलून हलवली की चालते, त्यामुळे दुकानापर्यंत येता येता ती बरी झालेली असते, आणि सेल मात्र बदलला जातोच.