पुंगळीच्या बुडावरची अक्षरं

इंग्लंडमधल्या केंटच्या शेतांत मेटल डिटेक्टर वाजला की हाती बरेचदा झाडलेल्या काडतुसाची पितळेची पुंगळी येते. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनची स्पिटफायर लढाऊ विमानं याच आकाशात जर्मन विमानांशी लढली. एका विमानात आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकीला ३०० काडतुसं; झाडलेल्या पुंगळ्या पंखांखालून सरळ खाली पडायच्या. पण तेच पॉइंट ३०३ काडतूस जमिनीवरचं पायदळही वापरत होतं. मग हाती आलेली पुंगळी विमानातली की रायफलमधली?

आधी सुरक्षितता. पुंगळीत गोळी बसलेली असेल तर ती जागेवरच ठेवा, पोलिसांना कळवा. बुडाच्या मधोमध असलेल्या, ठोका बसून पेटणाऱ्या टोपीवर खळगा आहे म्हणजे काडतूस उडालंच, असं मुळीच नाही. ठोका बसूनही न पेटलेल्या काडतुसात कॉर्डाइट, म्हणजे गोळी ढकलणारी दारू, तशीच भरलेली असते.

रिकामी असेल तर व्हर्निअर कॅलिपर लावा. पॉइंट ३०३ ची लांबी सुमारे ५६.४ मिलिमीटर आणि बुडाची बाहेर आलेली कड १३.७ मिलिमीटर. जर्मन माउझर रायफलची पुंगळी ५७ मिलिमीटर, म्हणजे लांबीवरून फसायला होतं. पण तिला बाहेर आलेली कड नसते.

माती काढायला डिस्टिल्ड वॉटर आणि लाकडी टूथपिक पुरे. चिंच, लिंबू देवघरातल्या समईसाठी ठेवा. आम्लाने वरचा हिरवट थर जातो, पितळेतलं जस्त निघून गुलाबी तांब्याचे डाग उरतात आणि उथळ अक्षरं कायमची पुसतात. एकदा गेली की ओळखच गेली.

आता अंधाऱ्या खोलीत बुडावर टॉर्चचा उजेड अगदी तिरपा पाडा आणि पुंगळी हळूहळू फिरवा. आधी कारखान्याची खूण: ‘आर’ आणि ‘एल’च्या मधे बाण असेल तर लंडनमधल्या वुलिचची रॉयल लॅबोरेटरी, नुसतं ‘के’ म्हणजे कायनॉक कंपनी, ‘केएफ’ म्हणजे आपल्या पुण्याजवळची खडकी. मग गोळीचा प्रकार: रोमन सात म्हणजे साधी गोळी, ‘जी’ ट्रेसर (उडताना उजेडाची रेघ सोडणारी), ‘डब्ल्यू’ चिलखतभेदी, ‘बी’ आग लावणारी. आग लावणारी गोळी मुख्यतः विमानांसाठी असायची, म्हणून ‘बी’ आणि १९४० सालाचे ‘४०’ एकत्र दिसले तर विमानाचा अंदाज बळकट होतो. साल मात्र काडतूस बनवल्याचं असतं, झाडल्याचं नव्हे: ३८ सालचं काडतूस १९४० मध्ये उडालेलं असू शकतं, ४३ सालचं नाही.

तोंडाशी उभी चीर दिसली तर ती गोळी झाडतानाच पडली असं लगेच ठरवू नका. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं अशीच तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण, हे दोन्ही मिळून ही चीर पडते, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. शेणखत पडलेल्या शेतातही अमोनिया असतोच. अशी पुंगळी तोंडाकडून चिमटीत धरू नका, बुडाकडून धरा; तडकलेली मान बोटांच्या दाबानेही तुटते.