रक्ताच्या कॅन्सरवरील क्लिनिकल ट्रायल : बेळगाव सीमाभागातील रुग्णांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि संमतीची प्रक्रिया

ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टरांनी क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे नवं औषध किंवा उपचार रुग्णांवर पारखून पाहणाऱ्या अभ्यासाबद्दल, विचारलं की घरचे आधी म्हणतात, "म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर रुग्ण माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि ते पत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ यांत ही तरतूद आहे. खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातल्या माणसाला कन्नड बोलता येत असलं, तरी वैद्यकीय कागद वाचून कळेलच असं नाही. म्हणून पहिल्या भेटीतच मराठी पत्रक मागा. मुंबईच्या केंद्रांत ते सहसा तयार असतं. बंगळूरला नसेल, तर भाषांतर करून त्याला एथिक्स कमिटीची (रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची) मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात दिवस जातात. तेवढा वेळ आजार देत नाही, म्हणून ही मागणी शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

ट्रायल कुठे शोधायची

औषधांच्या ट्रायलची नोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या सरकारी नोंदवहीत करणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे. तिचं संकेतस्थळ इंग्रजीत आहे. तिथे आजाराचं नाव टाकून शोधा आणि नोंद उघडल्यावर तीन गोष्टी पाहा : भारतात रुग्ण घेणं सुरू आहे का, कोणत्या रुग्णालयात, आणि त्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आली आहे का. प्रमुख संशोधकाचा फोन नंबर तिथेच असतो. नोंद वेळेवर अद्ययावत होतेच असं नाही, तेव्हा प्रवासाचं तिकीट काढण्याआधी फोन करा. जी ट्रायल या नोंदवहीत सापडत नाही, तिच्या कागदावर सही करू नका.

पात्रता

प्रत्येक ट्रायलचे निकष वेगळे, पण काही गोष्टी बहुतेक ठिकाणी पाहतात : वय, बोन मॅरो किंवा गाठीच्या बायोप्सीने पक्कं झालेलं निदान, आधी किती प्रकारचे उपचार झाले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), बिलिरुबिन (यकृतासाठी), टू-डी इको (हृदयासाठी), एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी. रुग्ण स्वतःचं आवरतो का आणि जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणाबाहेर असतो का, हेही विचारतात. त्यामुळे अगदी खंगल्यावर ट्रायल शोधायला निघणं बहुधा उशिराचं ठरतं.

आपल्याकडे नड येते ती स्टेरॉइडमुळे. मानेत गाठ आली, ताप आला की जवळच्या दवाखान्यात डेक्सामेथासोनची इंजेक्शनं किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मिळतात. लिम्फोमा आणि एएलएल (ल्युकेमियाचा एक प्रकार) स्टेरॉइडने तात्पुरते आक्रसतात, बायोप्सीत निदान धूसर होतं, आणि कित्येक ट्रायलमध्ये आधी किती दिवस स्टेरॉइड घेतलं याला मर्यादा असते. घेतलं असेल तर लपवू नका, चिठ्ठी घेऊन जा. काढे आणि भस्मं चालू असतील तर तीही सांगा.

बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात, त्या जीव्हीएचडीवरच्या ट्रायलमध्ये तारखांना फार महत्त्व असतं. स्टेरॉइड सुरू करून तीन दिवसांत त्रास वाढला किंवा सात दिवसांत सुधारणा झाली नाही, तर साधारणपणे 'स्टेरॉइडला दाद न देणारा' असं धरतात. म्हणून पहिला डोस कोणत्या तारखेला आणि किती मिलिग्रॅमचा होता, हे वहीत हवं. जुलाब किती वेळा झाले यापेक्षा दिवसाला किती मिलिलिटर झाले, यावर आतड्याच्या जीव्हीएचडीची पायरी ठरते : ५०० मिलिलिटरपासून पहिली, १५०० च्या वर तिसरी. खुणा केलेलं भांडं वापरा, अंदाज लिहू नका.

फाइलमध्ये काय हवं

बोन मॅरोचा अहवाल, फ्लो सायटोमेट्री, सायटोजेनेटिक्स, फिश किंवा मॉलिक्युलर तपासण्या, प्रत्येक केमोचा डिस्चार्ज कागद आणि त्यात औषधांचे डोस. "केमोथेरपी दिली" एवढंच लिहिलेला कागद उपयोगाचा नाही. डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा आजवरचा एकूण डोस मोजूनच हृदयाला धोका किती ते ठरतं. शिवाय बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला बायोप्सीचा तुकडा) पॅथॉलॉजीतून लेखी अर्ज करून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

ओळखीसाठी आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक. नावाचा घोळ इथे नेहमीचा : एका कागदावर 'मारुती बाळू पाटील', दुसऱ्यावर 'पाटील मारुती बी.', आणि जुन्या अहवालावर बेळगाव तर नव्यावर बेळगावी. गावाच्या नावाने अडत नाही. माणसाच्या नावाने मात्र अहवाल दुसऱ्याचा धरला जाऊ शकतो. रुग्णालयातली पुढची नोंदणी आधारप्रमाणेच करा.

संमती

ट्रायलसाठीची कोणतीही तपासणी संमतीनंतरच होते. पत्रक घरी नेऊन वाचायला मागा. रुग्णाला लिहितावाचता येत नसेल, तर संपूर्ण समजावणी होईपर्यंत त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. लहान मुलासाठी पालक सही करतात, पण सात वर्षांवरच्या मुलाचा होकारही घेतात. फॉर्ममध्ये शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव भरायचं असतं. वारसाची ओळ मोकळी सोडू नका : ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई त्याच नावाने जाते. पत्रक आणि सह्या झालेला फॉर्म, दोन्हींची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. ट्रायल कधीही सोडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

खर्च

संशोधनासाठी जास्तीच्या लागणाऱ्या गोष्टींचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. खोली, रक्तपिशव्या, नेहमीची केमो यांचा खर्च कोणाकडे, हे पत्रकात शोधा. त्यासाठी आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक ही सरकारी योजना आहे : बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. गुंतागुंतीच्या उपचाराला सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली. आपलं गाव यादीत आहे का आणि कोणते कागद लागतात, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भरती होण्याआधी विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र लागतं.

नाव दाखल झाल्यावर

ट्रायल प्रत्यारोपणाशी संबंधित असेल, तर प्रत्यारोपणानंतरचे पहिले १०० दिवस रुग्णालयाजवळ खोली घेऊनच काढावे लागतात. बेळगावहून येऊन-जाऊन जमत नाही. या काळात सीएमव्ही विषाणूची पीसीआर ही रक्ततपासणी सहसा दर आठवड्याला होते. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या जीव्हीएचडी रोखणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी सकाळच्या गोळीआधी, आदल्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी मोजतात. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि जीव्हीएचडी उसळू शकतो. तपासणीच्या सकाळी गोळी सोबत न्या, रक्त दिल्यावर घ्या. शिरेतून सायक्लोस्पोरिन चालू असेल, तर ज्या नळीतून औषध जातं तिच्यातून रक्त काढू देऊ नका. खोकल्यासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं किंवा पपनस खाल्लं, तर पातळी धोकादायक वाढू शकते. गावाकडच्या डॉक्टरांना ट्रायलचं कार्ड आधी दाखवा.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की सकाळची वाट पाहू नका. बेळगावातच भरती व्हावं लागलं, तरी ट्रायलच्या समन्वयकाला त्याच तासात फोन करा. गंभीर घटना कळल्यापासून २४ तासांत संशोधकाला औषध नियंत्रक, प्रायोजक (ट्रायल चालवणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवावी लागते. ट्रायलमुळे झालेल्या इजेचा उपचार मोफत मिळणं आणि भरपाईचा दावा टिकणं, दोन्ही याच नोंदीवर उभं असतं. स्थानिक रुग्णालयातला भरतीचा कागद, तपासण्या आणि बिलं मूळ स्वरूपात सांभाळा. समन्वयकाला झेरॉक्स द्या.